काट मारलेले नाव

“हे नाव कोणी घातलं?”

पेपर थेट तिच्या कीबोर्डवर आदळला. ती नुकतीच आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती. समोरच्या माणसाचे डोळे लाल, दाढी वाढलेली. त्याच्या मागे दारात संपादक उभे होते. तिला त्यांचीच जास्त भीती वाटली.

निधनवार्तांचे पान तीच लावायची. काल पान छपाईला सोडायची घाई चालू असताना या माणसाने वडिलांच्या निधनाचा मजकूर ईमेलने पाठवला होता. आता त्याचे बोट ‘शोकाकुल’ या शब्दाखाली टेकले होते. पत्नी, थोरला मुलगा म्हणजे हाच, धाकटा मुलगा.

“तिसरं. हे तिसरं नाव.”

“तुमच्याच फाइलमध्ये असणार, साहेब. आम्ही पदरचं काही घालत नाही.”

“मग उघडा ना फाइल. दाखवा मला.”

तिने उघडली. नाव होते. आणि नावावरून आडवी रेघ मारलेली होती.

छापलेल्या पानावर मात्र रेघ नव्हती.

लोक मजकूर पाठवतात तो नटवून. गुलाबी अक्षरे, जाडजूड, तिरकी, कुठला तरी नक्षीदार टंक. तो तसाच उचलून पानावर टाकला की सगळा साज बरोबर येतो आणि शेजारच्या मजकुराचीही वाट लागते. म्हणून ती नेहमी नुसती अक्षरेच घ्यायची, ‘विदाउट फॉरमॅटिंग’ पेस्ट करायची. “पाहुण्याला आंघोळ घातली का गं?” असे मुद्रितशोधक विचारायचे आणि ती म्हणायची, “घातली. कानामागचंसुद्धा घासलं.” रंग जातो, जाडी जाते, आकार जातो. मारलेली काटही जाते, हे तिला माहीत नव्हते असे नाही. पण काट मारलेले नाव कोणी छापायला पाठवेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. मुद्रितशोधकांनी शुद्धलेखन तपासले होते. नाव शुद्धच होते.

“डिलीट का नाही केलंत?” तिने अगदी हळू विचारले.

“आई शेजारी बसली होती. नाव घाल, नाव घाल, एकच धोशा. तिला नीट दिसत नाही. नाव काढलं असतं तर ओळ कमी झालेली कळली असती. म्हणून नुसती रेघ मारली.” तो संपादकांकडे वळला. “आम्हाला तो केव्हाच मेलाय. आता गावभर आमचं हसं.”

“उद्या खुलासा छापू,” संपादक म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, “आणि तुझं मग बघतो.”

त्यांचे ‘मग बघतो’ तिने एकदा पाहिले होते. दोन फोटोंची अदलाबदल झाली होती, आणि ती करणाऱ्याची खुर्ची आता कागदांचे गठ्ठे ठेवायला वापरत. तीही त्याच्यासारखीच कंत्राटावर होती. घरात पगार तिचा एकटीचा.

थोरला तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. “लिहा. सदर व्यक्तीचे नाव नजरचुकीने प्रसिद्ध झाले आहे. त्यांचा आमच्या कुटुंबाशी कोणताही संबंध नाही.”

‘कुटुंबाशी’ तिच्याकडून दोनदा चुकले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

“पेपरचं ऑफिस ना? ताई, आजच्या पानावर माझ्या वडिलांची... माझं नाव आहे त्यात.” मागे बसचे इंजिन घुरघुरत होते. “मी निघालोय. एवढंच विचारायचं होतं. नाव दादानंच दिलं ना?”

दादा हातभर अंतरावर बसून स्क्रीन वाचत होता. चूक झाली म्हणावे, तर हा माणूस पुढच्याच थांब्यावर उतरेल. हो म्हणावे, तर शेजारचा ऐकेल, संपादक ऐकतील, आणि मग तिचे काही खरे नाही.

“फाइल त्यांच्याच ईमेलवरून आली,” ती म्हणाली.

“आणि माझं नाव होतं?”

“होतं.”

“बरं.” मागे कंडक्टर ओरडला. “बरं, ताई.” फोन बंद झाला.

“कोण होतं?” थोरल्याने विचारले.

खोटे बोलायला सुचावे लागते. भीतीने तिचे सुचणेच थांबले होते. “तुमचे भाऊ. बसमध्ये आहेत. निघालेत.”

“तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?” संपादक पुढे आले. “रिसीव्हर माझ्याकडे द्यायचा ना! अक्कल कुठे गेली?”

थोरल्याने पेपर उचलून पुन्हा वाचला, पहिल्या ओळीपासून. मग एकदम चिडला. “नुसतं ‘अंत्ययात्रा आज दुपारी राहत्या घरातून’ लिहिलंय. गाढव जुन्या घरी जाणार. आम्ही घर बदललं ते त्याला कुठं माहितीये!” तो उभा राहिला. “लावा. तो नंबर परत लावा.”

तिने फोनवर उमटलेला नंबर लावून दिला. पलीकडचे ‘हॅलो’ तिलाही ऐकू आले. थोरल्याने तोंड उघडले. पलीकडून पुन्हा हॅलो. त्याने चटका बसल्यासारखा रिसीव्हर तिच्या हातात कोंबला.

“तुम्ही सांगा. पत्ता सांगा त्याला.”

तो खाली मान घालून सांगत गेला. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला, जिना बाहेरून. ती शब्दाला शब्द तसाच पुढे देत गेली.

“दादा आहे का तिथं?” पलीकडून विचारले.

तिने थोरल्याकडे पाहिले. त्याने मानेने नाही म्हटले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “थांबतोय म्हणावं. तो आल्याशिवाय उचलणार नाही.”

“थांबतायत,” ती फोनमध्ये म्हणाली. “तुम्ही आल्याशिवाय उचलणार नाहीत.”

पलीकडच्याने फोन बंद केला नाही. थोरला कुणाकडेही न बघता बाहेर पडला. स्क्रीनवर खुलासा अर्ध्यावरच होता. संपादक तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, हे तिला न बघता कळले. फोन ठेवला की मागे वळावे लागणार होते. ती रिसीव्हर कानाशी घट्ट धरून बसचा आवाज ऐकत राहिली.