दोन्ही हात दिसले पाहिजेत

"आत भंडारा टाका," धुळाप्पा म्हणाला.

शिवप्रसादचा हात काउंटरवरच थांबला. धाराशिवात त्याचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. लग्नवाले, वाढदिवसवाले, निवडणूकवाले अशी सगळी गिऱ्हाइकं त्याला चेहऱ्यावरून कळत. धोतर-पटक्यातला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पाण्याखाली चालणारा कॅमेरा मागतो, यातच त्याला काळंबेरं दिसत होतं.

"काका, वॉटरप्रूफ केस आहे. चाळीस मीटरची गॅरंटी."

"वायसर नवा असला की समदे असंच म्हणत्यात."

धुळाप्पानं कमरेची पिशवी सोडली, कॅमेऱ्याच्या रिकाम्या केसमध्ये अणदूरच्या खंडोबाचा चिमूटभर भंडारा टाकला आणि झाकण दाबलं. "आता बादलीत बुडवा. वर धोंडा ठेवा. थेंब जरी शिरला, तर भंडारा काळा पडतोय."

चहा येऊन गेला. भंडारा पिवळाधमक राहिला. धुळाप्पाची जरा पंचाईत झाली. संशय आता दुसरीकडं बसवणं आलं.

शेजारी त्याची मुलगी सृष्टी उभी होती. ती पुण्यात नर्स. बापानं पस्तीस वर्षं विहिरींत बुड्या मारल्या. पंपांचे अडकलेले फुटव्हॉल्व्ह, बादल्या, दागिने, आणि दोन-तीनदा माणसंही वर काढली, पण समुद्र काही पाहिला नाही, म्हणून तिनं तारकर्लीला डायव्हिंग ठरवलं होतं. जाणारच तर कॅमेरा पाहिजे, ही अट बापाची. तिला वाटलं, माशांसाठी.

शिवप्रसादनं काचेतून एक देखणा कॅमेरा काढला. "हा कॉम्पॅक्ट न्या. झूम आहे. मनगटाला पट्टा."

"मंजी येक हात ह्यातच गुतला?"

"धरायला हात लागणारच की."

"मग फकस्त दुसराच दिसंल. लोक म्हणत्याल, ह्या हातात हुती."

"काय होती?"

धुळाप्पानं केसचं झाकण पुन्हा दाबून पाहिलं. सृष्टीला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी आण्णासाहेबांच्या विहिरीत त्यांच्या बायकोची, द्वारकाबाईंची, सोन्याची पाटली पडली. धुळाप्पानं सहा बुड्या मारल्या. पाटली सापडली नाही. त्याला कुणी चोर म्हटलं नाही; गाव फक्त त्याच्या मुठींकडं बघू लागलं. तेव्हापासून कुठल्याही विहिरीतून वर आला की तो आधी दोन्ही तळहात उघडून दाखवी, मग श्वास घेई.

"आबा, ती हीर तर बुजवली. चौपदरी रस्त्यात गेली."

"हीर बुजली. बोलणं कुठं बुजलं?"

शेवटी छातीवर पट्ट्यानं बसणारा इवलासा कॅमेरा ठरला. शिवप्रसादनं त्यावर लाल काच बसवून दाखवली. "खाली रंग उडतात. हिनं खरे दिसतात."

"रंग बदलून खरं दिसतं व्हय? काढा ती. खाली सोनं हिरवटच दिसतं, तसंच दिसू द्या."

सृष्टीनं झटकन त्याच्याकडं पाहिलं. क्षणभरच. पण पस्तीस वर्षं गढूळ पाण्यात बघितलेल्या डोळ्यांना तेवढा क्षण पुष्कळ होता.

"धा जणींचं काढून दिलंय म्या, बाय," तो हळू म्हणाला. "तवा बघितलंय."

सृष्टीनं मान खाली घातली आणि उगाचच पट्ट्याचं बक्कल तपासलं.

तारकर्लीला पाण्याखाली हवेचं नळकांडं मागून धरणाऱ्या, बुडी शिकवणाऱ्या पोरसवदा गुरुजीवरही धुळाप्पाचा भरवसा बसला नाही. मागून धरणारा कधी सोडेल, काय नेम? व्हिडिओ आम्हीच काढतो, फुकट आहे, असं तो म्हणाल्यावर तर संशय पक्का झाला. धुळाप्पा छातीवर आपला कॅमेरा बांधून उतरला. वर आला तेव्हा त्यानं दोन्ही तळहात उघडून दाखवले. होडीतल्या लोकांना वाटलं, काका टाटा करतायत. त्यांनीही केला.

संध्याकाळी सृष्टीनं व्हिडिओ लावला. अठरा मिनिटं, आणि पडदाभर दोन उघडे, सुरकुतलेले तळहात.

"आबा, मासे कुठंयत?"

"हाताआडून गेले असत्याल."

अणदूरला परतल्यावर तो मोबाइल घेऊन द्वारकाबाईंच्या दारात गेला. आण्णासाहेब जाऊन पाच वर्षं झाली होती. बाईंनी चष्मा पुसला, पायरीवर बसून अठराच्या अठरा मिनिटं पाहिलं. मधे एक पिवळा मासा बोटांतून निसटला, तेव्हा त्यांनी व्हिडिओ मागं घ्यायला लावला.

"ही आमची हीर न्हाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"न्हाय. समुद्र हाय."

"मग ह्यात काय कळायचं रं?"

"कायबी न्हाय, बाई. म्या पाण्यात हात कसे धरतो, तेवढं दावलं."

त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि सवयीनं तळहात पुढं केले. बाई त्या हातांकडं बघत राहिल्या. एकोणीस वर्षांत इतक्या जवळून त्यांनी ते पाहिले नव्हते. मग उठून आत गेल्या. धुळाप्पाला वाटलं, आता कडी लागणार.

त्या सूप घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा ओतल्या.

"खा," त्या म्हणाल्या.

पिशवी मोकळी होती, खिसाही होता. पण धुळाप्पा गल्लीभर ओंजळ पुढं धरूनच चालत गेला. कुणी विचारायच्या आत दिसावं, हातात काय आहे ते.