यादीबाहेरचा प्रश्न

"नेक्स्ट," देवराव खिडकीच्या गजांमागून म्हणाले, आणि रोशनी फाइल छातीशी धरून गॅलरीत एक पाऊल पुढे सरकली.

खिडकी त्यांच्याच हॉलची होती. देवराव आत खुर्चीवर बसले होते, चष्मा नाकावर, समोर स्टुलावर प्रश्नांची यादी. रोशनी बाहेर उभी. अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसासाठी काचेच्या खिडकीपाशी उभं राहूनच बोलावं लागतं असं कळल्यापासून देवरावांनी घरातली तालीमही उभ्यानेच चालवली होती. बसायची सवय लागली तर परवा ऐनवेळी पाय कापतील, असं त्यांचं म्हणणं. सिकंदराबादजवळच्या हबसीगुड्याच्या एका छोट्या दवाखान्यातली रात्रपाळी करून ती आठला घरी आली होती. अंघोळ झाली, पोहे झाले, आणि अंथरुणाकडे वळायच्या आत वडिलांनी खुर्ची खिडकीशी ओढलेली होती.

"पासपोर्ट."

तिने गजांतून पासपोर्ट आत सरकवला. देवरावांनी तो उलटसुलट करून पाहिला. पोरीचाच फोटो, पण परका माणूस पाहील तसा पाहिला. या कामात त्यांनी काही म्हणता काही कमी ठेवली नव्हती.

"व्हाय. धिस. कोर्स?"

त्यांचं इंग्रजी सरकारी होतं, शब्दाशब्दाला पूर्णविराम देणारं. रोशनीने उत्तर दिलं. एमबीबीएसनंतर सार्वजनिक आरोग्याकडे का वळायचं आहे, एकेक रोगी तपासण्यापेक्षा समाजाच्या आरोग्याचा विचार का मोठा, त्या विद्यापीठातले कोणते प्राध्यापक कशावर काम करतात, सगळं एका दमात. हिमायतनगरच्या व्हिसा-सल्लागार बाईंनी लिहून दिलेला परिच्छेद होता तो. स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही.

"कोर्स झाल्यावर काय करणार?" देवरावांना पुढचं इंग्रजी सुचलं नाही म्हणून ते मराठीवर आले, पण "तुम्ही" काही सोडलं नाही. खिडकीत बसलं की ते लेकीला अहोजाहोच करत.

"परत येणार. माझे आईवडील इथं आहेत. तारनाक्यालाच स्वतःचा दवाखाना टाकणार. तळमजल्यावर, रोडला लागून. पायऱ्या नकोत, निम्म्या पेशंटचे गुडघे दुखतात. आणि बाकडं आत ठेवणार, बाहेर उन्हात नाही."

"पायऱ्यांचं कोणी विचारलं?"

"ते असंच आलं तोंडात."

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला तिची आई, सरुबाई, कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ओली चादर झटकली, आणि तिचे चार थेंब व्हिसा अधिकाऱ्याच्या चष्म्यावर उडाले.

"अगं, इंटरव्ह्यू चालू हाय!"

"चालू द्या की. मी काय अमेरिकेला चालले? पण पोरगी रात्रभर जागून आलीय, तिला जरा पडू तर द्या."

"परवा झाला की झोपंल. गुरुवारपर्यंत कळ काढ म्हणावं."

परवा गुरुवार, सकाळी नऊची वेळ. आणि रविवारी बुद्धविहारात तिचा सत्कार. ही घाई विहाराच्या हणमंतरावांची होती. गजभाऱ्यांची पोरगी अमेरिकेला चालली म्हटल्यावर व्हिसाबिसा त्यांच्या लेखी पोस्टाच्या शिक्क्याएवढा होता, बसायचाच. नांदेडहून देवरावांची बहीण येणार होती. नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीपायी इथे येऊन राहिलेली पंधरावीस घरं, त्यांतली पहिली डॉक्टर रोशनी आणि परदेशी जाणारीही पहिली. देवराव वरवर म्हणत, आधी होऊ तर द्या. पण सांगितलं सगळ्यांना त्यांनीच होतं, आणि भाजीवाल्यालाही सोडलं नव्हतं.

अकरा वाजता सल्लागार अपर्णा मॅडमचा फोन आला. त्यांच्याशीही एक तालीम होती, फोनवर. रोशनीने फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, म्हणजे आतल्या साहेबांनाही ऐकू जावं. पाच प्रश्न झाले.

"डॉक्टर, एक बात बोलूँ? वापस आने का जवाब फर्स्ट क्लास है. मेरे सब स्टुडेंट उसीमें अटकते. तुम एकदम नॅचरल. लेकिन जाने का जवाब... रेशन की लिस्ट पढ़े जैसा. ऑफिसर पकड़ लेगा."

"प्रॅक्टिस करती हूँ, मॅम."

"प्रॅक्टिस ज़्यादा हो गई. कोई पेशंट का किस्सा डालो ना उसमें. हर डॉक्टर के पास एक होता है. थोड़ा फील आएगा."

फोन बंद झाला. देवरावांनी यादीच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतलं: पेशंटचा किस्सा.

"हाय का तुझ्याकडं असा?"

रोशनीने गजांना कपाळ टेकलं. लोखंड थंड होतं, तिला बरं वाटलं.

"कालचाच आहे. एक म्हातारी आली, दम लागलेला, बोलायला येईना. आमचे मोठे डॉक्टर राउंडला आलेले, ते पुढं झाले तर ती हात झटकायली. नक्को बोली. वो चष्मेवाली डॉक्टरनीच होना मेरेकू. मागे एकदा मी पाहिलं होतं तिला. दम्याचा पंप लिहून दिला होता. विचारलं, पंप कुठाय? तर पिशवीतून काढला, रुमालात बांधलेला, पप्पा, सील पण तोडलं नव्हतं. म्हणे, नातीची शादी आहे पुढच्या महिन्यात, तब लगेगा बोलके रखी. शादीसाठी!" रोशनी हसायला लागली. "जसा काही दागिनाच. मग दम बसल्यावर मी अर्धा तास शिकवलं तिला. श्वास सोडा, मग दाबा, मग ओढा. चार वेळा उलटंच केलं. पाचव्यांदा जमलं तर माझ्या गालाला हात लावून बोलली, कल मेरी बहन को लाती, वो भी ऐसीच कंजूस है."

सरुबाई चिमटे हातात घेऊन ऐकत थांबल्या होत्या. देवरावही हसले. मग त्यांनी पेन्सिल उचलली.

"हे चालंल. हेच सांग साहेबाला."

"यात पब्लिक हेल्थ कुठं आहे, पप्पा? यात फक्त ती आहे आणि मी आहे."

"बसव कुठंतरी. चल, पुन्हा. व्हाय. धिस. कोर्स?"

रोशनी ताठ झाली. फाइल छातीशी आली. एमबीबीएसनंतर सार्वजनिक आरोग्याकडे, एकेक रोगी तपासण्यापेक्षा. तोंड चालू होतं, पण आत्ता म्हातारीची नक्कल करणारी पोरगी त्या तोंडामागे नव्हती. देवराव यादीकडे पाहायचं सोडून तिच्याकडे पाहत राहिले.

सिकंदराबादच्या रेल्वे कार्यालयात त्यांनी निवृत्तीपर्यंत चोवीस वर्षं रजेचे अर्ज पाहिले होते. आजारपणाचे, लग्नाचे, आई वारल्याचे. आई वारल्याचे तर एकेकाचे दोनदोन. टेबलासमोर माणूस उभा राहिला की त्यांना कळायचं. खोटं कारण सांगणारा घडाघडा बोलतो, तारखा तोंडपाठ असतात. ज्याचं खरंच काही असतं तो अडखळतो, भलतंच काही सांगत बसतो, पायऱ्यांचं, बाकड्याचं. हे इतक्या वर्षांत त्यांचं कधी चुकलं नव्हतं. ते आज आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

उत्तर संपलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"तुम्हाला जायचंय का?"

रोशनी थांबली. "हा प्रश्न यादीत नाही, पप्पा."

"यादीत नसलेलंबी विचारत्यात."

खालून एक ऑटो फटफटत गेला. तिने फाइल छातीपासून खाली घेतली.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"जायचं नाही."

देवराव खुर्चीतून अर्धे उठले. "आता सांगायलीस? परवा इंटरव्ह्यू हाय, आणि आता?"

"तुम्ही आता विचारलंत."

"कामून नाही जायचं? काय कमी हाय तिथं? लोक तडफडत्यात त्या देशासाठी." त्यांचं "तुम्ही" केव्हाच गळून पडलं होतं. "मी गँगमन म्हणून लागलो, रोशनी. रुळावर. परीक्षा देत देत टेबलापर्यंत आलो. मधीच कंटाळलो असतो तर? तू आज कुठं असतीस?"

"पण टेबल आल्यावर तुम्ही बसलात ना, पप्पा?" तिचा आवाज चढला नाही. तेवढी ताकद तिच्यात नव्हती. "मला कोणी बसूच देत नाही. दहावी झाली, इंटर झालं, मेडिकलची परीक्षा झाली. रिझल्ट लागला त्या दिवशी पेढे आणायच्या आधी तुम्ही विचारलंत, आता पुढं काय. मग पीजीच्या परीक्षा, दोनदा. मग इंग्रजीची. आता ही. मी डॉक्टर झालेय, पप्पा. चार वर्षं झाली. तुम्हाला कोणाला दिसलंच नाही का?"

देवरावांनी हातातली पेन्सिल यादीवर ठेवली.

"मला थकवा आलाय," ती म्हणाली. "पेशंटचा नाही. त्यांचा येत नाही."

"लोकांना काय सांगू मी?" ते म्हणाले. हा प्रश्न तिला होता की नाही, त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते उठून आतल्या खोलीत गेले. खिडकीत नुसती खुर्ची राहिली.

सरुबाईंनी बादली बाजूला केली, गॅलरीतलं प्लास्टिकचं स्टूल लेकीमागे सरकवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"जायचं नव्हतं तर बोलायला काय झालं होतं, माय?"

"पप्पा इतके खूश होते."

"खूश तर लै होते," सरुबाई म्हणाल्या. "मीबी होते. मी तर स्वेटर घेऊन ठेवलं." त्यांचे डोळे भरून आले. चिमट्यांची पिशवी त्यांनी उगीचच घट्ट बांधली. "पण खरं सांगू? मला रात्री झोप लागत नव्हती. तू गेल्यावर मी कोणासंगं भांडू?"

रोशनीने आईच्या ओल्या पदराला गाल लावला. बसल्याबरोबर तिचे डोळे मिटायला लागले. बोलून टाकल्याचं बरं वाटत होतं आणि वडिलांचं वाईट वाटत होतं, पण झोप दोन्हींपेक्षा मोठी होती.

खुर्ची करकरली तेव्हा तिने डोळे उघडले. देवराव येऊन बसले होते. तोंड धुतलेलं, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. ती उठायला लागली.

"बसूनच ऱ्हा," ते म्हणाले, आणि घसा खाकरून यादी समोर ओढली. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग पासपोर्ट उचलून गजांतून बाहेर धरला. ज्यांना व्हिसा मिळतो त्यांचा पासपोर्ट आत ठेवून घेतात आणि ज्यांना मिळत नाही त्यांना तिथल्या तिथे परत देतात, हे या घरात आता सगळ्यांना पाठ होतं.

"सॉरी, मॅडम. अर्ज नामंजूर."

रोशनीने पासपोर्ट घेतला नाही. "पप्पा..."

"अर्जदाराची जायची इच्छा दिसत नाही," ते सरकारी आवाजात म्हणाले. तो आवाज शेवटी थोडा फाटला. "परवा जायचं असंल तर जा. तिथला साहेब देईलबी. त्याला काय माहीत? माझ्याकडून नामंजूर."

सरुबाईंनीच हात लांब करून पासपोर्ट घेतला. देवरावांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवून नंबर शोधला आणि कानाला लावला.

"हणमंतराव, जयभीम. देवराव बोलतोय. रविवारच्या कार्यक्रमाचं... नाही, रद्द नाही. बहीण निघालीय माझी नांदेडहून. बॅनर छापायला दिलाय का? नाही ना? मग त्याच्यावर अमेरिका लिहू नका. उच्च शिक्षणबी नको. डॉक्टर रोशनी देवराव गजभारे, एवढंच. हां, एवढंच लिहा."

पलीकडून हणमंतरावांचा आवाज गॅलरीपर्यंत येत होता. मग सत्कार कशाबद्दल, ते काय लिहायचं, असं ते विचारत होते.

"डॉक्टर झाली म्हणून," देवराव म्हणाले.

"अहो, त्याला तर चार वर्षं झाली!"

"हो," देवराव म्हणाले. स्टुलावर बसल्या बसल्याच भिंतीला डोकं टेकून झोपी गेलेल्या लेकीकडे ते गजांतून पाहत होते. "आम्ही पुढच्याच घाईत होतो. ते राहूनच गेलं."