रथसप्तमी होईपर्यंत

मला शहाणी म्हणू नका. शहाणपणानंच तर घात केला.

चीनची लढाई थांबली होती, पण गावातला तोफांचा कारखाना तिन्ही पाळ्या धडधडत होता. गोहलपुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या अंजनीचा नवरा, श्यामसुंदर, फौजेत. नोव्हेंबरपासून बेपत्ता. तार आली तेव्हा ती बाजारात गेलेली. तारवाला म्हणाला, "दीदी, आप ही ले लो." घेतली. समोरच्या जुबेदाभाभी मिशनच्या शाळेत शिकलेल्या. त्यांनी ती इंग्रजी तार वाचली अन् म्हणाल्या, "वो नहीं रहा."

रथसप्तमी दोन दिवसांवर होती, माझ्याकडे हळदीकुंकू. म्हटलं, बावीस वर्षांची पोर, हे शेवटचं कुंकू लावून घेऊ दे, रडायला जन्म पडलाय. तार तांदळाच्या डब्यात खुपसली.

"रमजान चल रहा है, बेबीताई," भाभी म्हणाल्या. "रोज़े में झूठ नहीं बोलूँगी. उसे मेरे सामने मत लाना."

बाई गं, ते दोन दिवस! डब्यात हात घातला की वाटे, आतून कोणी बोट धरून राहिलं. भर दुपारी मागच्या दारी बूट वाजत. जाऊन पाहावं तर कोणी नाही. रामरक्षा म्हणत मी भात शिजवला, पण ताट तसंच झाकून ठेवलं.

सप्तमीला अंजनी हिरवं लुगडं नेसून आली. कुंकू लावताना मी नजर चुकवली अन् ते तिच्या नाकावर सांडलं.

"नवऱ्याची लाडकी हो!" बायका हसल्या. ती लाजली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाभी काहून नाही आल्या? दरवर्षी येतात," म्हणत ती तिळगूळ घेऊन समोर निघालीच. मी मागे धावले.

भाभी खजूर हातात धरून अजानची वाट पाहत होत्या.

"रुसल्या का, भाभी?"

भाभींनी तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. अंजनीचं हसू विरलं.

"यांची खबर आली का?"

अजान झाली. भाभींनी खजूर तोंडात घातलाच नाही.

"हाँ, बेटी. परसों."

अंजनी माझ्याकडे वळली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझा हात धरला आणि आपल्या कपाळाशी नेला.

"लावलं तुम्ही, ताई. आता पुसा बी तुम्हीच."