झाडूवरचं लग्न

१८६६ सालच्या ऑगस्टात डॉर्कसने कोर्टाच्या पायरीवर डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि ती आत गेली.

पुढच्या बाकावर जुनी मालकीण मिस लविनिया डॉर्कसच्या दहा वर्षांच्या लेकीचं, टेम्पीचं, मनगट धरून बसली होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. पण नॉर्थ कॅरोलिनात बापाचा आधार नसलेलं काळं मूल कोर्ट जुन्या मालकाच्या हवाली करी, काम शिकायला म्हणून, एकविसावं लागेपर्यंत.

"पोरीचा बाप कुठे आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाप हँडी. शनिवारी पलीकडच्या मळ्यावरून चालत येणारा. गुलामांना कायद्याचं लग्न नव्हतं; हात धरून दोघांनी झाडूवरून उडी मारली, तेच त्यांचं लग्न. टेम्पी रांगत होती तेव्हा त्याच्या मालकाने त्याला अलाबामात विकलं. मिस लविनियाने त्याचं तोंडही कधी नीट पाहिलं नव्हतं.

"मी इथे आहे, साहेब."

मागून इशम उठला. हँडीच्याच मळ्यावरचा, पिंपं बनवणारा. त्याची वटवट डॉर्कसला कधीच आवडली नव्हती.

"झाडूवरून उडी मारताना ही बया अडखळली. तेव्हापासून भोगतोय."

लोक हसले. न्यायाधीश डॉर्कसकडे वळले. "खरं आहे?"

टेम्पीचं मनगट लाल झालं होतं.

"अडखळला हा, साहेब. मी नव्हे."

न्यायाधीशांनी लग्नाची नोंद करून घेतली; दोघं कायद्याने नवराबायको झाली. पोर घरी आली.

दुसऱ्या वसंतात हँडी चालत परतला.

"घर तुझं आहे, भाऊ," इशम म्हणाला. "मी निघतो."

"आणि कोर्टाला कळलं तर? पोर पुन्हा त्या बाईकडे?" हँडीने खाली पाहिलं. "तिला एकविसावं लागू दे."

तो नदीपलीकडे राहिला. टेम्पी त्याला काका म्हणे.

टेम्पीला एकविसावं लागलं त्या दिवशी हँडी धुतलेला सदरा घालून अंगणात आला. इशमने हत्यारांची पेटी खांद्यावर घेतली होती.

"येतो गं, डॉर्कस. सुटलीस एकदाची."

डॉर्कस चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही.

"पेटी ठेव खाली. भाकरी गार होतेय."

इशमने पेटी खाली ठेवली. मग हँडीने टोपी डोक्यावर घातली.

टेम्पीने पुढे शाळा चालवली. इशम डॉर्कसच्या आधी गेला. तिला त्याच्या शेजारी पुरलं आहे. हँडी कॅन्सासला निघालेल्या लोकांबरोबर गेला. तिथे कुणी स्थळ सुचवलं की म्हणायचा, "माझं लग्न झालंय."