ओ देणारी

लेक झोपली की मला तासभर मिळतो. त्या तासात मी आत्याची कार्डं तपासते.

आत्या शब्दकोशाच्या कचेरीत होती. एका कार्डावर एक शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो वापरून दाखवणारं वाक्य. ती गेली आणि काम माझ्याकडे आलं, खोक्यांसकट. संपादक म्हणाले, "वाक्यं जुनाट वाटली तर बिनधास्त काढा. गुरुवारी माणूस येईल न्यायला."

आज गुरुवार. पण काढणार कशी? वाक्यं आमच्याच घरातली.

'खमका – दादा खमका आहे, कुणाचं ऐकत नाही.'

'कजाग – ती कजाग आहे, कुणाचं ऐकत नाही.'

दादा म्हणजे माझे बाबा. ती म्हणजे आत्या स्वतः. वाक्य आजीचं, दोन्ही लेकरांना सारखं वाटून दिलेलं; शब्द तेवढा वेगळा. पुढे बाबा स्पष्टवक्ते झाले, आत्या फटकळ. आत्या चिडायची नाही. "ती कजाग कुठाय?" म्हटलं की आतून खणखणीत ओ द्यायची. आम्ही पोरं खो-खो हसायचो. मी तर मुद्दाम हाक मारून पळायचे.

वाचताना पुटपुटायची सवय आहे मला. आज आवाज माझा वाटेना. मधलं अक्षर लांबवायची ती लकब आजीची होती.

"कजाऽग..."

"ओ!"

पेन गळून पडलं. ओ आतल्या खोलीतून आली होती.

लेक पाळण्याचा कठडा धरून उभी होती. दीड वर्षाची. गालावर उशीची घडी उमटलेली. नावाने हाक मारली तर ही ढिम्म, ओ देत नाही. सकाळीच सासूबाई म्हणाल्या होत्या, "कुणाचं म्हणून ऐकत नाही. कजाग निघणार गं ही!"

आणि मी हसले होते.

तिला उचलून घट्ट धरलं. "ते तुझं नाव नाही गं, बाळा."

आत्याची दोन्ही कार्डं तशीच ठेवली. लेकीला मांडीवर घेऊन एक कोरं कार्ड ओढलं. 'खमकी – माझी लेक खमकी आहे, कुणाचं ऐकत नाही.' शाई ओली असतानाच ते दोन्हींच्या मध्ये सरकवलं.

मग तिच्या कानाशी, भीत भीत, तिच्या खऱ्या नावाने हाक मारली.

ती माझ्या खांद्यावरून खोक्यांकडे टक लावून बघत होती.

पुन्हा मारली. दारावरची बेल वाजली, तरी मी हाका मारतच होते.