नव्या मदरबोर्डाला मी दिसलेच नाही

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. मेलेली मात्र म्हणू नका. मला एकदा तसं म्हटलं गेलं, आणि ज्याच्यामुळे म्हटलं गेलं त्याच्याच शेजारी आज मला नांदावं लागतंय.

मी हार्डडिस्क आहे. कॉम्प्युटरच्या पोटात एका कोपऱ्यात स्क्रूने आवळलेली. माझ्या आत आरशासारख्या चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि जे जे सांगाल ते धरून ठेवतात. ज्या कारखान्यात मी घडले तिथे धुळीचा कणसुद्धा आत येऊ देत नसत. नशिबी आलं ते मात्र यीलानच्या किनाऱ्यावरचं घर. खारा वारा, उदबत्तीचा धूर आणि नटांच्या तोंडाची उडणारी पावडर.

ते घर नाटकवाल्यांचं. श्यूल्वानताई कंपनीच्या मालकीण. साठी उलटलेल्या, पण मंचावर उभ्या राहिल्या की तरणाबांड राजपुत्र. त्यांचा धाकटा भाऊ चिन्थू ट्रक चालवायचा, दिवे लावायचा, कॉम्प्युटर सांभाळायचा. आणि चिन्थूची बायको पीश्या. देवळापुढच्या उघड्या मंचावर खेळ रंगला की कडेच्या उंच पडद्यावर गाण्याचा शब्द न् शब्द उमटायचा. म्हाताऱ्यांना ऐकू कमी यायचं, पोरांना जुनी बोली कळायची नाही, त्यामुळे सगळ्यांच्या माना त्या पडद्याकडे. ते शब्द पीश्यावहिनींनी टाइप केलेले. नाटकामागून नाटक, वर्षामागून वर्ष. आणि ते सगळे माझ्या पोटात.

एकदा पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी वहिनींना गाठलं. म्हणाले, "पोरी, जन्मभर हे नाटक बघतोय. राजपुत्र रडतो कशाला ते आज कळलं बघ!" वहिनी घरी आल्या आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारून म्हणाल्या, "सगळं ह्यात आहे हो." ह्यात म्हणजे माझ्यात. त्या थापेवर मी कितीतरी दिवस काढले.

तेव्हाचा मदरबोर्ड गरीब स्वभावाचा होता. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो हा मदरबोर्ड. त्याचं माझं छान जमायचं. खरं सांगू? त्याला कोणी विचारत नसे, म्हणून जमायचं.

खाऱ्या हवेने एक दिवस त्याचा घास घेतला. समुद्रदेवीचा उत्सव तोंडावर आलेला. उत्सवाच्या सकाळीच चिन्थू नवा मदरबोर्ड घेऊन आला.

काय त्याचा थाट, मित्रांनो! काळाकुळकुळीत अंग, कडेने रंगीत दिवे, खोक्यावर सोनेरी अक्षरं. चिन्थूने तो दोन्ही हातांनी उचलला, मऊ फडक्याने पुसला, त्याचे फोटो काढून मित्रांना पाठवले. माझ्यावरची धूळ त्याने फुंकली, तीही तोंड वाकडं करून. मी मनात त्या बोर्डाला म्हटलं, अरे, कधी एक अक्षर तरी लक्षात ठेवलंयस का तू? दिवे कसले लावतोस!

जोडणी झाली. चिन्थूने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे झळकले. आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: चालू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आपटलास ना तोंडावर, असं मी नव्या बोर्डाला म्हटलं. जा आता, दिव्यांच्या जोरावर नाटक कर!

चिन्थूने वायर बदलली. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. ओळ तीच. तेवढ्यात श्यूल्वानताई अर्धं तोंड रंगवून आल्या. एक भुवई राजपुत्राची, एक त्यांची स्वतःची.

"झालं का रे?"

"ताई, बोर्ड एकदम झकास आहे. डिस्क मेली."

"मेली म्हणजे?"

"गेलीच समज. पुसून सगळं नव्याने टाकून बघतो. लागली तर लागली."

मित्रांनो, माझा आनंद जागच्या जागी थिजला. मी हसत बसले होते, आणि दोष माझ्याच माथी आला होता! पुसणार म्हणे. शब्द न् शब्द. मी मेले नव्हते, पण ते सांगायला मला तोंड कुठे होतं?

वहिनी दारात कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. त्यांची नजर आता अधू झालेली, पात बोटांनी चाचपून निवडायच्या. त्या म्हणाल्या, "पूस बापडा. मग टाइप कोण करणार? तू? तुला स्वतःचं नाव लिहिताना चुका होतात."

"मग मी करू तरी काय, सांग ना!"

"माझे डोळे त्या शब्दांपायी गेले. तेवढं ध्यानात ठेव आणि मग काय पुसायचं ते पूस."

चिन्थूने खाली वाकून माझ्या अंगाला कान लावला. मी जिवाच्या आकांताने फिरत होते.

"फिरतेय तर खरी," तो पुटपुटला.

ताईंनी नाक मुरडलं. "तुझ्या ह्या नव्या ठकीचं मला काही खरं वाटत नाही. मानलिंग आठवते? तैपेईहून आणलेली नटी?"

"आता तिचं काय मध्येच!"

"पहिल्याच खेळाला पडद्यामागे उभीच राहिली बया. आपला ढोलकीवाला बडवून बडवून बोलावतोय, आणि ही वाट बघतेय टेपवर गाणं कधी वाजेल त्याची. तिच्या शाळेत ढोलावर आत जायचं शिकवलंच नव्हतं. आणि ओरडा कोणाला बसला? ढोलकीवाल्याला! फुलांचे गुच्छ वर तिलाच."

ताई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजातला तो कडू घोट मी बरोबर ओळखला. माझ्याही घशात तोच होता.

चिन्थू मात्र ताडकन सरळ झाला. "ढोल..." तो म्हणाला. मग त्याने कॉम्प्युटर पुन्हा लावला आणि नव्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरला. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत माझं नाव होतं. म्हणजे मी आहे हे त्या शहाण्याला ठाऊक होतं! पण तो फक्त नव्या पद्धतीने भरलेली डिस्क सुरू करायचा. मी जुन्या पद्धतीची. चिन्थूने जुनी पद्धतही चालेल असं ठरवून दिलं, सुरू करायच्या क्रमात माझं नाव वर आणलं, आणि बटण दाबलं.

मदरबोर्डाने मला हाक मारली. जुन्या पद्धतीने, थोडी अडखळत.

मी रुसून बसायला हवं होतं. पण वहिनींचे ओले हात दारात तसेच थांबलेले होते. मी उत्तर दिलं. नवं सामान ओळखता ओळखता कॉम्प्युटरने बराच वेळ खाल्ला, आणि मग पडद्यावर नाटकांची नावं एकामागून एक उभी राहिली.

"पीश्या, आलं! सगळं आलं!" ताई ओरडल्या आणि आनंदाच्या भरात तोंडावरून हात फिरवून रंगवलेली अर्धी बाजूही पुसून बसल्या.

दुपारी देवळापुढे फटाक्यांचा धूर विरला आणि खेळ सुरू झाला. राजपुत्र रडला, म्हाताऱ्यांनी शब्द वाचले आणि डोळे टिपले. खेळानंतर लोक चिन्थूला म्हणाले, "नवा बोर्ड बसवलास म्हणे! काय फर्मास चालतं रे आता!" चिन्थू फुलला. माझं नाव कोणी घेतलं नाही. आणि तो बोर्ड कडेचे दिवे मिरवत बसला होता.

उत्सव उरकल्यावर चिन्थू आणखी एक खोकं घेऊन आला. त्यात एक चपटी नवी डिस्क होती. ना चकत्या, ना आवाज. वहिनींनीच ती आणायला लावली होती. त्यांचा प्रत्येक शब्द मी तिला वाचून दाखवला, आणि तिने तो चटकन उचलून घेतला. मला लिहून घ्यायला वर्षं लागली होती. एकटी मीच सगळं जाणणारी, हा माझा एकुलता एक तोरा त्या दुपारी गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. ती बोलली नाही तर मेली म्हणून पुसू नका. हाक मारणाऱ्याला तिची रीत येते का, ते आधी बघा. आणि ती फिरतेय तोवर तिच्यातल्या सगळ्याची एक प्रत काढून ठेवा. तिला राग येईल, पोटात दुखेल. दुखू द्या. मलाही अजून दुखतं. पण प्रत काढाच.