कापसाची जाकिटं

पिंजाऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुबीनाला कापसातलं काय कळत नव्हतं! तरी ती फसली, आणि फसली ती स्वतःच्या हाताच्या कौतुकापायी.

त्या वर्षी बीटी कापसाच्या बोंडाबोंडातून गुलाबी अळी निघाली. गावातल्या शेषरावांनी वैतागून कापसाची उभी पऱ्हाटी उपटली आणि धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या वावरात पर्यटन काढलं. कुठून तरी जुनी वॉटर स्कूटर आणली. ती चालवायला मुबीनाचा नवरा अकरम होता. लोक आता फोमच्या गाद्या घेऊ लागले होते, घरचं पिंजण धूळ खात पडलं होतं, त्यामुळे अकरमनं हे काम हसतहसत धरलं. त्यासाठी तो कोकणात जाऊन शिकूनही आला.

स्कूटरसोबतची लाइफ जाकिटं मात्र कापसाच्या खोलीत ठेवली होती. उंदरांनी आतला फोम कुरतडून फस्त केला. नवी जाकिटं आणायची सोडून शेषरावांनी ती फाटकी जाकिटं आणि अळीनं डागाळलेला कवडी कापूस मुबीनाच्या ओट्यावर आणून टाकला.

“भाऊ, कापूस पाणी पेते,” ती म्हणाली.

“काऊन पेईन, भाभी? वरून नायलॉनचं कापड हाय. पाय बरं.” त्यांनी एक जाकीट भरून घेतलं आणि हौदात टाकलं. ते तरंगलं. जन्मभर कापूस हलका म्हणूनच हाताळलेली, अकरमसकट, ती तिघं माणसं. तरंगलेलं पाहून खूश झाली आणि जाकीट लगेच बाहेर काढलं. थोडा वेळ राहू द्यावं, एवढी अक्कल एकालाही सुचली नाही. मुबीनानं मग असं मन लावून काम केलं की जाकिटं नव्याहून गुबगुबीत दिसू लागली.

रविवारी गर्दी जमली. मुबीना काठावर बसून शेवटच्या जाकिटाला टाके घालत होती. तिनंच भरलेलं जाकीट अंगात चढवून अकरमनं शिट्टी वाजवली.

“दोरी मनगटाले बांधा. पडले तं दोरी निंघते अन् इंजिन बंद पडते. दुसऱ्या बोटीजवळ जाऊ नका. अन् काहीबी झालं तरी जाकिटाचं बक्कल सोडू नका. मी पडून दाखवतो.”

त्यानं स्कूटर आत नेली आणि मुद्दाम उडी टाकली. इंजिन बंद पडलं. तो तरंगत हात हलवू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुबीनाची छाती फुलली. एवढ्यात वाऱ्यानं स्कूटर त्याच्यापासून लांब सरकवली.

थोड्या वेळानं पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. ओली गादी दोघांनाही उचलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

“जाकीट काढा! अहो, काढा ते!”

अकरमनं मान हलवली. आत्ताच सगळ्यांना सांगितलेला नियम तो मोडायला तयार नव्हता. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. कुणी हसत होतं, कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. त्याचं तोंड एकदा पाण्याखाली गेलं तेव्हा मुबीना शेषरावांवर अक्षरशः खेकसली. त्यांनी काठावर पडलेला विहिरीचा नाडा, जाड दोर, त्याच्याकडे फेकला. दोघांनी ओढून अकरमला काठावर आणलं. तो चिखलात बसून खोकत राहिला. पुन्हा टाळ्या पडल्या.

“बाकीची जाकिटं कोरडी हायेत,” शेषराव दबक्या आवाजात म्हणाले. “गिऱ्हाईक थांबलं हाय. अकरम, ऊठ.”

साखरखेर्ड्याहून आलेला एक बाप लेकीला जाकीट चढवत होता. बक्कल लावून त्यानं अकरमला विचारलं, “मंग सेफ हाय ना, भाऊ?”

अकरमनं शेषरावांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मुबीनाला त्याचा एवढा संताप आला की तो बुडताना वाटलेली भीतीही मागे पडली.

ती उठली आणि पोरीच्या अंगावरच्या जाकिटाची शिवण तिनं कात्रीनं उभी कापली. पोरगी घाबरून रडू लागली. डागाळलेला कापूस बाहेर आला.

“यात कापूस हाय. मीच भरला. माह्या हातचं काम हाय, अन् ते खोटं हाय. घालू नका कोणी.”

“अकरम, बायकोले आवर,” शेषराव ओरडले. “नाही तं उद्यापासून येऊ नको.”

अकरम धडपडत आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. त्याचा हात गार होता.

“मुबीना, खाऊ काय आपण?”

त्यानं हात सोडला नाही. तिनं कात्री दुसऱ्या हातात घेतली आणि पुढचं जाकीट ओढलं.